पुरावा क्रमांक चारचं जेवण

मंसिर ९

कान्छा,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, राग तेवढा नवा आहे.

कार्तिकात भाईटिकेला तू इथे आलास, माझ्या हातच्या चार सेल रोट्या संपवल्यास. मी तुझ्या कपाळाला सात रंगांची टिका लावली आणि तुझ्या वैऱ्यांच्या नावाने उंबऱ्यावर अक्रोड फोडला. पाच घाव घातले तरी तो फुटेना, तेव्हा तू हसून म्हणालास, "दिदी, माझे वैरी जरा टणक दिसतायत." त्या वैऱ्यांत मीही आहे हे तेव्हाच सांगितलं असतंस तर मी हात जरा आखडता घेतला असता.

'दोबाटो'चा अंक काल सकाळी पोचला. पहिलंच पान. "आश्रयाच्या नावाखाली अंधारकोठडी." खाली आमच्या मागच्या खिडकीचा फोटो, आतून काळा कागद लावलेला. हॉटेलांतून आणि वीटभट्ट्यांवरून सोडवलेल्या मुलींना सांभाळण्याचा दावा करणारी 'पिंढी' ही संस्था एका अल्पवयीन मुलीला पाळीच्या कारणावरून दिवसच्या दिवस अंधारात कोंडते. फाटकाला रात्री बाहेरून कुलूप घालते. अधीक्षक विष्णुमाया खनाल यांनी काहीही सांगण्यास नकार दिला. बातमीदार, लोकेंद्र साउद. आणि शेवटच्या पानाच्या तळाशी, संपादक, खगेंद्र खनाल. एकाच अंकात घरातली दोन नावं छापून आलेली बघायला आई हवी होती.

अंक दहाला आला आणि साडेअकराला जिल्हा कार्यालयाची जीप फाटकात. चार पुरुष आणि एक महिला पोलीस. ती बिचारी मागे उभी राहिली, पुढे पुरुषच घुसले. मी दारात आडवी झाले तर मला बाजूला सारलं, कडी तोडली, खिडकीचा कागद टराटरा फाडला. मुलगी सात दिवस त्या खोलीत होती. तिच्या तोंडावर दुपारचं ऊन पडलं आणि उन्हाआड चार अनोळखी पुरुष. ती ओरडली नाही. दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसली, ते हात संध्याकाळपर्यंत काढले नाहीत.

त्यांनी जप्त केलं ते असं: आमची हजेरीवही, फाटकाचं कुलूप, काळ्या कागदाची गुंडाळी, आणि भिंतीवर टांगलेली कापसाची काळी बाहुली, लाल जिभेची. तिच्यावर चिठ्ठी लावली, पुरावा क्रमांक चार.

पुस १५ ला सुनावणी आहे. निकाल उलटा गेला तर नोंदणी रद्द, आणि एकोणीस मुली पाच जिल्ह्यांतल्या वेगवेगळ्या आश्रमांत वाटल्या जाणार. या मुली आजवर किती वेळा वाटल्या गेल्या आहेत ते तुला माहीत आहे. त्यातल्या आठजणी इथे आल्यावर पहिल्यांदा रात्रभर सलग झोपल्या.

ती अंधारात का होती हे मी जीपमधून आलेल्या साहेबांना सांगितलं नाही. एका शब्दात सांगता आलं असतं आणि जीप आल्या पावली परत गेली असती. तो शब्द मी बोलणार नाही, आणि तुलाही आज सांगणार नाही.

तुझी, अजून तरी,
दिदी

मंसिर २४

कान्छा,

तुझं पत्र मिळालं. फोन न करता पत्र लिहिलंस हे बरं केलंस, फोनवर मी तुला पुरं बोलू दिलं नसतं.

तू लिहितोस, "तू माझी बहीण आहेस म्हणूनच मी लेख अडवू शकलो नाही. उद्या कुणी म्हणालं असतं, संपादकाने घरच्यांना वाचवलं." वाचून मला क्षणभर अभिमान वाटला. खरंच वाटला. मग मी भांडी घासायला बसले आणि कढई घासता घासता डोकं चालू लागलं. मागच्या साली त्या कंत्राटदारावर लेख होता, तेव्हा तू त्याच्याकडे तीनदा माणूस पाठवलास, चार दिवस थांबलास, त्याचं उत्तर चौकटीत छापलंस. तूच मला कौतुकाने दाखवलं होतंस. माझ्याकडे एक फोन आला, आणि दुसऱ्या दिवशी छपाई. बहिणीला झुकतं माप द्यायचं नव्हतं ना? मग परक्याला देतोस तेवढं तरी द्यायचं होतंस. नाव खराब होईल या भीतीने तू मला कंत्राटदारापेक्षा कमी दिलंस आणि त्याला सचोटी म्हणालास.

आता माझं ऐक. मागच्या पत्रात मी दोन गोष्टी गिळल्या.

लोकेंद्रचा फोन आला होता. मी उचलला होता. तो म्हणाला, "दिदी, त्या खोलीत मुलगी का आहे, एवढंच सांगा." मी म्हणाले, "तुला काय छापायचं ते छाप," आणि आपटला. मी तुझ्या नावाच्या भरवशावर बोलले रे. वाटलं, कान्छा आहे तिथे, बघेल. म्हणजे झुकतं माप मलाही हवंच होतं.

दुसरी गोष्ट कुलपाची. फाटकाला रात्री बाहेरून कुलूप लागतं हे खरं आहे. मीच लावायचे आणि किल्ली घेऊन समोरच्या माझ्या खोलीत झोपायचे. दोन वर्षांपूर्वी एक पोर पळून गेली होती, तेव्हापासून. आग लागली असती तर एकोणीसजणी आत आणि किल्ली माझ्या उशाखाली. ती ओळ वाचली तेव्हा सगळ्यांत जास्त राग त्याच ओळीचा आला होता, यावरून काय ते समज. आता कडी आतून आहे आणि किल्ली आतल्या खिळ्याला.

आणि तो शब्द. हे पत्र भावाला आहे, संपादकाला नाही, हे ध्यानात ठेवून वाच.

गुफा.

तू काठमांडूत वीस वर्षं काढलीस, नेवारांच्या पोरी वयात येताना गुफा बसतात हे तुला ठाऊक आहे. पण पुरुष माणूस, आतलं तुला काय माहीत? बारा दिवस अंधारी खोली, सूर्य बघायचा नाही, पुरुषाचं तोंड बघायचं नाही. आत एकटी मात्र नसते. बायका येतात, गाणी, थट्टा, चांगलंचुंगलं खाणं. भिंतीवर कापसाचा काळा, गुबगुबीत ख्या टांगतात. तो त्या खोलीतला भूत-सोबती. मुलीने आधी त्याला भात वाढायचा, मग आपण जेवायचं. बाराव्या दिवशी नवरीसारखी नटून ती बाहेर येते आणि तिचं सूर्याशी लग्न लागतं.

आमच्याकडची ही मुलगी सोळा वर्षांची आहे. अकराव्या वर्षी मावशीने तिला राजमार्गावरच्या नाचाच्या हॉटेलात विकलं. पहिली पाळी तिथेच आली. त्या दिवशीही तिला नाचवलं. माघात तिची कोर्टात साक्ष आहे. आश्विनात ती आमच्या नेवार स्वयंपाकीणबाईंपुढे, न्हुछेमाया अजींपुढे जाऊन बसली.

"अजी, माझी गुफा राहिली."

अजी म्हणाल्या, "राहिली तर राहिली. आता उशीर झाला."

"कोर्टात जायच्या आधी बसव. तिथे ते सगळे पुरुष मला बघणार आहेत. त्याआधी बारा दिवस कुणीही बघायचं नाही."

अजी माझ्याकडे आल्या. मला हा प्रकार पटला नव्हता, अंधार, सूर्य, काय काय. मी म्हणाले, या पोरींना अंधार कमी मिळालाय का? अजी फटकन म्हणाल्या, "तो त्यांनी दिला होता. हा ती मागतेय." मी हो म्हणाले.

तर आमच्या एकोणीस मुलींत नेवार एकच. मी 'गुफा' म्हटलं की मावशीच्या वकिलाला नावासकट पत्ता मिळाला. मावशी जामिनावर बाहेर आहे. साक्ष होईपर्यंत ती कुठे आहे हे कळू द्यायचं नाही, असं कोर्टानेच बजावलंय. म्हणून तोंड शिवलं.

लोकेंद्र गुफेच्या दुसऱ्या दिवशी आला होता, शिवणवर्गावर लिहायला. खिडकी बघून त्याने अजींना विचारलं. अजींचं मोडकंतोडकं नेपाळी तुला माहीतच आहे. त्या म्हणाल्या, "पाळीचं आहे. पुरुषांनी बघायचं नाही." झालं. तो अछामचा पोरगा. पाळीच्या बाईला गोठ्यात टाकतात त्या मुलखातला.

मुलगी आता बोलते, पण एकच विचारते. "ख्याला घेऊन गेले. तो जेवला असेल का?" मी काय सांगू?

हे छापलंस तर माझा भाऊ मेला असं समजेन. न छापता ठेवलंस तर पुढचं बघू.

दिदी

पुस १६

कान्छा,

जिंकलो. आधी हे लिहून टाकते, मग सविस्तर.

काल दहाला कार्यालयात गेलो. मी आणि अजी. अजींनी हाकू पटासी नेसली होती, ती काळी लाल काठांची, सणावाराची. मी म्हणाले, ही सुनावणी आहे, जत्रा नाही. म्हणाल्या, "हरले तर निदान चांगल्या कपड्यात हरेन."

मोठे साहेब मूळचे झापा जिल्ह्याचे, शांत माणूस. समोर टेबलावर तुझा अंक. माझ्याकडे बघून म्हणाले, "दिदी, मी एकच विचारतो. मुलगी अंधारात का होती?"

"तिने मागितलं म्हणून."

"का मागितलं?"

"ते तिचं आहे. माझ्याकडे विश्वासाने ठेवलेलं. मी सांगणार नाही."

"मग मी बातमीवरच विश्वास ठेवायचा का?"

"ठेवा. पण मी सांगितलं तर ती पुन्हा कुणावर विश्वास ठेवणार, ते आधी सांगा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. अजींनी टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात दाबून धरला. साहेब म्हणाले, "पुरावे आणा." निकाल लिहायला घेण्याआधीचं शेवटचं काम.

शिपाई कपाटाकडे गेला. कुलूप आलं, वही आली, कागद आला. मग तो थबकला.

"साहेब, यात भात आहे."

"कशात?"

"पुरावा चारपुढे. ताटलीत. भात, आल्याची फोड, उकडलेलं अंडंसुद्धा आहे. ताजं."

साहेब उठून कपाटापाशी गेले. मीही मान लांब करून बघितलं. फायलींच्या मधोमध आमचा ख्या जीभ काढून बसलेला, गळ्यात चिठ्ठी, पुढे पानाची ताटली. पाच आठवड्यांत अंगाने भरल्यासारखा दिसला मला.

"कपाटाची किल्ली कुणाकडे असते?" साहेबांनी विचारलं.

कोपऱ्यातल्या टेबलावरची कारकून उभी राहिली. केशरी अमात्य, आडनावावरून नेवार, चाळिशीची, चष्मा, लोकरीची शाल. मी तिला त्याआधी कधी बघितलेलं नव्हतं. मान खाली घालून म्हणाली, "माझ्याकडे, साहेब. मीच वाढते. रोज सकाळी, डबा उघडला की आधी."

"बाहुलीला?"

"ती बाहुली नाही, साहेब. ख्या आहे. पोरगी गुफेत असताना तुम्ही लोक त्याला उचलून आणलात. ती तिथे उपाशी ख्याच्या चिंतेत बसली असणार. ज्याने आणला त्यानेच खायला घालायला हवं. तुम्हा कुणाला माहीत नव्हतं, म्हणून मी घालते."

"तुम्ही हे आधी का बोलला नाहीत?"

"मुलीची फाईल बंद आहे, साहेब. तुम्हीच शिक्का मारलाय, कुणी बोलायचं नाही. मी कुठे बोलले? मी फक्त वाढलं."

कान्छा, अजी हसल्या. तोंडाला पदर लावून आधी गदगदल्या, मग मोठ्याने. त्यांच्यामागे ती त्या दिवशीची महिला पोलीस होती, बुढाथोकी, ती हसली. साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग दार बंद करायला सांगितलं. आत राहिलो ते आम्ही चौघी बायका आणि ते. माझ्यापुढे खुर्ची ओढून म्हणाले, "केशरीबाई म्हणतात ते खरं की खोटं? मान हलवा फक्त. लिहून घेणार नाही."

मी मान हलवली. इतकी वर्षं मान ताठ ठेवल्यावर ती हलवताना मला रडू आलं. आलं तर आलं.

निकाल चार ओळींचा आहे. नोंदणी कायम. मुलीच्या खोलीत पुरुष पाठवल्याबद्दल कार्यालयाची दिलगिरी, लेखी. खाली कुलपाबद्दल ताकीदही आहे, ती मी मुकाट्याने सही करून घेतली. आणि पुरावा क्रमांक चार मूळ मालकास परत. केशरीबाईंनी तो जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतला, बघितलं तर 'दोबाटो'. अजी म्हणाल्या, "त्यात नको, काळा पडेल." ख्या मुळात काळाच आहे.

संध्याकाळी पोरीच्या हातात दिला. तिने त्याचं पोट दाबून बघितलं आणि म्हणाली, "जेवलाय." एकोणीसजणींनी त्या रात्री जो गोंधळ घातला, तो समोरच्या चहावाल्याला विचार.

तू महिनाभर काही छापलं नाहीस. ते मी मोजत होते.

दिदी

माघ ११

कान्छा,

साक्ष झाली. तीन तास उभी होती. मावशीच्या वकिलाने आवाज चढवला तेव्हा तिने न्यायाधीशांना विचारलं, "हे असे ओरडले की मी उत्तर द्यायचं की ते संपेपर्यंत थांबायचं?" मावशीचा जामीन रद्द झाला.

तुझा खुलाशाचा मसुदा मिळाला. पहिल्या पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात देतोयस, हे चांगलं आहे. लाल पेन्सिलने दुरुस्त करून परत पाठवते.

"नावाजलेली संस्था" खोडलं आहे. "त्यागमूर्ती अधीक्षक" वाचून मुली दोन दिवस मला त्यागमूर्ती म्हणून हाका मारतायत, तेही खोडलं आहे. आधी वाईट लिहिलं म्हणून आता चांगलं जास्तीचं नको, दोन्हीला पुरावा सारखाच लागतो. काय चुकलं, कसं चुकलं, कुणाला विचारायचं राहिलं, एवढंच ठेव. 'गुफा' शब्द नकोच. "मुलीने स्वतः मागितलेला एक विधी" पुरे.

आणि कुलपाची ओळ का काढलीस? ती खरी होती. राहू दे. खाली "आता कडी आतून आहे" हेही घाल, पण ओळ राहू दे.

लोकेंद्रवर सगळं ढकललंयस, ते मला आवडलं नाही. तो परवा इथे येऊन गेला. फाटकाबाहेर अर्धा तास उभा, आत येईना. मी चहा घेऊन गेले. म्हणाला, "दिदी, माझी थोरली बहीण गोठ्यात साप चावून गेली. मी नऊ वर्षांचा होतो. त्या खिडकीत मला तीच दिसली. उद्यापर्यंत थांबलो तर ही पण मरेल असं वाटलं." त्याने घाई केली ती मुलीसाठी, नावासाठी नाही. त्याला थांबवणं हे तुझं काम होतं. तेव्हा "बातमीदाराची चूक" खोडून "आमची चूक" केलं आहे.

दिदी

फागुन २८

कान्छा,

काल तू आलास, जेवलास, आणि शेवटच्या बसने गेलास. आपण धड बोललो नाही. गर्दीच तेवढी होती.

मोडलेली गुफा तिने पुन्हा पहिल्या दिवसापासून धरली. या वेळी लपवायचं काही नव्हतं, म्हणून केशरीबाई रोज ऑफिस सुटल्यावर यायच्या, येताना गावातल्या दोन दोन बायका घेऊन यायच्या. आमच्या मगर, तामाङ, थारू पोरी नेवारी गाणी शिकल्या, चुकीच्या चालीत. काळा कागद लावायला बुढाथोकी आली होती, ज्यांनी फाडला त्यांच्या वतीने. आणि बाहेर, खिडकीपासून वीस पावलांवर, बारा दिवस लोकेंद्र पाठ करून बसायचा. कुणी पुरुष तिकडे वळला की त्याला वाटेला लावायचा. मी त्याला सांगितलं नव्हतं.

बाराव्या दिवसाचं तू पाहिलंसच. तोंडावर ओढणी घेऊन तिला अंगणात आणली, अजींनी पाण्याची परात पुढे धरली, तिने आधी पाण्यातला सूर्य पाहिला, मग मान वर करून खरा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी तिने मान खाली घेतली नाही. तू भिंतीपाशी उभा होतास, कॅमेरा न आणता. मी ते पाहिलं. तुझ्याबद्दलचा माझा राग नेमका तेव्हा गेला, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

त्यानंतरचं मात्र तू पाहिलं नाहीस, तू पंगतीत होतास. ती लोकेंद्रकडे गेली. लाल साडी, कपाळभर शेंदूर, काखेत ख्या. थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारून म्हणाली, "दाइ, तुम्ही माझ्यावर लिहिलंत, पण माझं नाव कधी विचारलं नाहीत."

तो म्हणाला, "विचारायची लाज वाटली."

मग तिने सांगितलं. बापाने ठेवलेलं, हॉटेलातलं नाही. त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला, वहीपर्यंत. तिथेच थांबला. त्याने हात काढून घेतला आणि ते नाव एकदा तिच्यासमोर नीट उच्चारून दाखवलं.

जाताना फाटकात तिने तुलाही तेच सांगितलं, हे तिनेच मला कळवलं. तेव्हा ते मी इथे लिहीत नाही. तुला माहीत आहे.

दिदी